मुकादम, काटा आणि ममी

परदेशातून शिरूर-दौंडकडे येणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेत चॉकलेटं असतात, फ्रिजला चिकटवायचं बिग बेन असतं आणि हल्ली एखाद्या संग्रहालयाचं इजिप्तवरचं जाडजूड सचित्र पुस्तकही असतं. चॉकलेटं गल्लीतली पोरं संपवतात. बिग बेन आठवड्याच्या आत फ्रिजवरून पडून फुटतं. पुस्तक मात्र टिकतं, कारण ते कुणी उघडत नाही. ते हॉलमधल्या शोकेसमध्ये रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी उभं राहतं. मुखपृष्ठावर तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा. तो इतका चकाकतो की आलेला पाहुणा आधी त्याला हात जोडतो आणि मग विचारतो, "हे कुठलं देवस्थान म्हणायचं?"

पाहुण्याची चूक नाही. सचित्र मार्गदर्शक म्हटल्यावर आपल्याला ठाऊक असतं ते देवळाबाहेर मिळणारं अष्टविनायक दर्शन. पुण्याहून रांजणगाव किती किलोमीटर, दौंडहून सिद्धटेकला कसं जायचं, भक्तनिवासात सोय काय, सगळं त्यात असतं. इजिप्तच्या पुस्तकातही खोल्या असतात. ब्रिटिश म्युझियममधल्या ममी ६२ आणि ६३ नंबरच्या खोल्यांत ठेवल्या आहेत. आमच्या आबांनी त्या खोल्यांचा नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "जेवायची सोय कुठं दाखवलीय?" कोपऱ्यात कपबशीचं चिन्ह होतं. आबांचं समाधान झालं आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

हे पुस्तक खऱ्या अर्थानं वाचलं जातं ते रात्री. शेतीपंपाची लाईट रात्रीची असते. ती येणार म्हणून जागायचं, आली की मोटर टाकायची, मग दारं धरायला जायचं. पण उसात बिबट्या असल्यामुळे एकट्यानं जाता येत नाही, जोडीदार येईपर्यंत थांबावं लागतं. मोबाईलची बॅटरी संपलेली असते. अशा वेळी माणूस शोकेसचं दार सरकवतो. आमच्या मळ्यातले तात्या इजिप्तचे जाणकार झाले ते असे, महावितरणच्या वेळापत्रकामुळे.

या पुस्तकांची पहिली करामत म्हणजे फोटो. बोटाच्या पेरावर मावेल असा दगडी भुंगा अख्ख्या पानावर छापतात आणि दुसऱ्या रामसेसचा सव्वासात टनांचा अर्धपुतळा पोस्टाच्या तिकिटाएवढा. मजकुरात मापं सेंटिमीटरमध्ये दिलेली असतात, पण मापं वाचून फोटो कोण बघतं? पार्श्वभूमी नेहमी काळीकुट्ट, उजेड एका बाजूनं. असा फोटो काढला तर आमच्या चुलीमागचं फुटकं गाडगंसुद्धा राजघराण्यातलं वाटेल.

दुसरी करामत म्हणजे फोटोखालच्या ओळी. ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही, ती 'विधीसाठी वापरली जात असावी'. या एका वाक्यावर जगभरच्या संग्रहालयांचा संसार चालला आहे. उद्या कुणी आमचं घर उकरलं, तर माळ्यावरचा बंद पडलेला मिक्सर, एक पाय मोडलेलं स्टूल आणि लग्नात आलेले एकवीस लेमन सेट हे सगळं विधीसाठीच ठरेल. लेमन सेटबद्दल ते अगदी खोटंही नाही.

या प्रकारच्या पुस्तकांचे एक मूळपुरुष म्हणजे ब्रिटिश म्युझियमचे वॉलिस बज. १८९४ ते १९२४ अशी तीस वर्षं ते तिथल्या इजिप्त आणि असिरिया विभागाचे प्रमुख होते. खोलीवार मार्गदर्शिका लिहिण्याचा त्यांनी सपाटा लावला होता. वस्तू जमवण्याचा सपाटा त्याहून मोठा. अनी नावाच्या कारकुनाचा प्रसिद्ध पपायरस त्यांनी १८८८ मध्ये आणला. तो कसा आणला हे त्यांनीच आठवणींत ऐटीत सांगितलंय. लक्सरच्या ज्या घरात वस्तू ठेवल्या होत्या, त्याला पोलिसांनी सील ठोकलं. घराच्या मागची भिंत हॉटेलच्या बागेला लागून होती. पहारेकऱ्यांना भरपेट जेवू घातलं आणि बागेच्या बाजूनं भिंतीला भोक पाडून माल बाहेर काढला. पुढे सुमारे ७८ फूट लांबीच्या त्या पपायरसचे हाताळायला सोयीचे म्हणून ३७ तुकडे करण्यात आले. आमच्याकडे तुकडेबंदी कायदा आहे, त्यामुळे तात्यांना हे फार लागलं. "एवढ्या लांब पट्ट्याचे ३७ तुकडे? सातबाऱ्यावर नोंद कशी घातली?"

त्याच पपायरसवर तात्यांचं सगळ्यात आवडतं चित्र आहे. मेलेल्या माणसाचं काळीज तराजूच्या एका पारड्यात आणि सत्याच्या देवतेचं पीस दुसऱ्या पारड्यात. कोल्हेतोंड्या अनुबिस खाली वाकून काटा बघतोय. पक्ष्याच्या तोंडाचा थोथ हातात लेखणी घेऊन वजन लिहून घेतोय. त्याच्या पाठीमागे मगरीचं तोंड, सिंहाचं पुढचं अंग आणि पाणघोड्याचं मागचं अंग असलेली अम्मित बसलीय. काळीज जड निघालं की तिनं ते खायचं. बाजूला अनी आणि त्याची बायको कंबरेत वाकून उभे.

ऊस घालणाऱ्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. घोडगंगेच्या पट्ट्यात असो की भीमा-पाटसच्या, ज्यानं गव्हाणीच्या आधी काट्यावर आपली ट्रॉली उभी केलीय, त्याला अनीचा वाकलेला पाठीचा कणा ओळखू येतो. तात्यांनी चष्मा लावून पारड्याची दोरी कुठं अडकलीय का ते पाहिलं. मग थोथकडे बोट दाखवून म्हणाले, "या क्लार्कच्या तोंडावरून काही कळत नाही. पावती हातात पडल्याशिवाय मी नाही विश्वास ठेवायचो." फरक एकच. आपल्याकडे वजन कमी भरलं की नुकसान, तिकडे जास्त भरलं की.

त्या न्यायसभेत माणसानं काय काय केलं नाही, याचीही यादी म्हणावी लागे. चोरी केली नाही, खून केला नाही, हे आलंच. पण त्यात तराजूच्या वजनात हेराफेरी केली नाही आणि वाहतं पाणी अडवलं नाही, अशीही कबुली आहे. पाणी अडवणं हे तिकडे थेट परलोकात निघणारं पाप होतं. ही यादी वाचून झाल्यावर तात्या जरा गप्प झाले. मग म्हणाले, "चारीच्या शेवटाला शेत असणाऱ्यानं लिहिलंय हे." चासकमानच्या किंवा खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन ज्याच्यापर्यंत कधीच पुऱ्या दाबानं पोचत नाही, त्याच्याइतका चांगला इजिप्तचा अभ्यासक ऑक्सफर्डलाही सापडायचा नाही. आणि तो पपायरस चक्क तयार छापील फॉर्मसारखा आहे बरं का. मजकूर आधी लिहून ठेवलेला, नावाची जागा कोरी. गिऱ्हाईक मिळालं की नाव भरायचं. अनीचं नाव मागून वेगळ्या अक्षरात घातलेलं दिसतं.

पण तात्यांना खरं वेड लावलं ते शब्तींनी. शब्ती म्हणजे वीतभर उंचीच्या बाहुल्या. मेल्यावरही शेतीची वेठ चुकत नाही, अशी इजिप्तची समजूत. परलोकातही वाफे करायचे, पाट काढायचे, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहायची. म्हणून धनी आपल्या जागी या बाहुल्या पाठवी. हाक आली की बाहुलीनं 'हजर' म्हणायचं. पूर्ण संच ४०१ बाहुल्यांचा: वर्षाच्या दिवसागणिक एक अशा ३६५ मजूर आणि दर दहा मजुरांमागे एक याप्रमाणे ३६ मुकादम. मुकादमाच्या हातात चाबूक आणि अंगावर जरा बरे कपडे. तुतनखामेनच्या थडग्यात ४१३ निघाल्या, कारण राजा असल्यामुळे त्याला दर महिन्याला एक असे बारा जादा मुकादम दिले होते.

ऊसतोडीच्या टोळीसाठी दर दिवाळीला मुकादमाच्या दारात चकरा मारणाऱ्या माणसानं हे पान वाचल्यावर काय व्हावं? उचल नाही, गाडीभाडं नाही, उचल घेऊन टोळी दुसऱ्याच कारखान्याला गेली ही भानगड नाही. चारशे माणसं पेटीत उभी. तात्यांनी चार दिवस गावात हीच कथा लावली. मारुतीच्या पारावर कुणीतरी शंका काढली, "पण त्या बाहुल्यांना कोयता धरता येतो का?" पुस्तकात पुढच्याच पानावर फोटो होता. दोन्ही हातांत कुदळी. पारावर शांतता पसरली.

जिवंत मजुरांचं मात्र तिकडेही इकडच्यासारखंच होतं. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या गावातला हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीच्या एका चिपेवर चाळीस कामगारांच्या खाड्यांची नोंद, कारणासकट. राज्य दुसऱ्या रामसेसचं, वर्ष चाळीसावं. कुणाला विंचू चावलाय, कुणाचे डोळे आलेत, कुणी आईच्या प्रेताला कापड गुंडाळायला गेलाय आणि कुणी बिअर तयार करतोय. रांजणगाव एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या आमच्या मेहुण्यांना हे दाखवलं. त्यांनी पहिली तीन कारणं आपल्या रजिस्टरला ताडून पाहिली, जुळली. चौथ्याबद्दल म्हणाले, "आमच्याकडे तयारच मिळते, पण खाडा तेवढाच." पुढे तिसऱ्या रामसेसच्या काळात धान्याचा पगार थकला तेव्हा याच गावच्या कारागिरांनी कामं टाकून मंदिरामागे बैठक मारली. नोंद असलेला जगातला हा पहिला संप मानतात.

आता कांदा. शिरूरच्या माणसासमोर कोणतंही पुस्तक ठेवा, तो त्यात कांदा शोधणार. इथे फार शोधावं लागत नाही. चौथ्या रामसेसची ममी बनवताना त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत छोटे कांदे बसवले होते. आयुष्यभर कांद्यानं डोळ्यांत पाणी आणलं, मेल्यावर डोळ्यांतच कांदा! चाळीत कांदा भरून भावाची वाट बघणाऱ्याला यात नवल वाटलं नाही, त्याच्याही डोळ्यांत वर्षातले सहा महिने दुसरं काही नसतं. पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या मुळ्या-कांद्या-लसणावर सोळाशे टॅलेंट चांदी खर्च झाली, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं ऐकून लिहून ठेवलंय. तात्या म्हणाले, "निर्यातबंदी नव्हती त्या वेळी."

मांजराचं पानही दाखवण्यासारखं असतं. ब्रिटिश म्युझियममधल्या एका काशाच्या मांजरीच्या नाकात सोन्याची नथ आणि कानात डूल आहेत. आमच्या आत्या त्या पानापाशी थबकल्या. मांजरीला सोनं घालणाऱ्या माहेराबद्दल त्यांना आदर वाटला. पुस्तकं सहसा सांगत नाहीत ते असं, की १८९० मध्ये इजिप्तहून सुमारे १९ टन मांजरांच्या ममी लिव्हरपूलला जहाजानं गेल्या आणि लिलावात खत म्हणून विकल्या गेल्या. एक लाख ऐंशी हजार मांजरं, असा तेव्हाचा अंदाज होता. नथवाली काचेत, बाकीच्या वावरात.

ज्यांना फोटोवर समाधान नाही, त्यांना ममी पाहायला फार लांब जावं लागत नाही. दौंड जंक्शनवर हैदराबादची गाडी धरली की तिथल्या राज्य संग्रहालयात एक आहे. सहाव्या निजामाच्या जावयांनी ती विकत घेतली होती, तिथून ती सातव्या निजामाकडे आणि मग संग्रहालयात गेली. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या संग्रहालयात एक आहे, कोलकात्याला एक. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये तुतू नावाच्या बाईची आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये जयपूरला इतका पाऊस झाला की संग्रहालयात पाणी शिरलं आणि कर्मचाऱ्यांनी काच फोडून तुतूबाईंना बाहेर काढलं. कोरड्या वाळवंटात दोन हजार वर्षांहून जास्त काळ टिकलेल्या बाई एका पावसाळ्यात वाहून जायच्या राहिल्या.

मुंबईत २०१२ च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेस्परेनुब हा पुजारी ब्रिटिश म्युझियमकडून पाहुणा आला होता. त्याच्या ममीचं सीटी स्कॅन केलं तर डोक्यामागे मातीचा एक वाडगा चिकटलेला निघाला. लेप लावताना राळ गळू नये म्हणून कारागिरांनी तो ठेवला, राळ सुकली, वाडगा निघेना. तेव्हा त्यांनी जगातल्या सर्व ठेकेदारांनी करावं तेच केलं. वरून कापड गुंडाळलं आणि बिल लावलं. ते उघडकीला यायला अठ्ठावीसशे वर्षं लागली. आमच्याकडे डांबराखालची खडी पहिल्या पावसातच उघडी पडते. दर्जा दर्जा म्हणतात तो हा.

इतकं सगळं वाचून तात्या इजिप्तच्या प्रेमात पडले, आणि नेमकी तिथेच माझी तक्रार सुरू होते. कारण तुतनखामेन गादीवर होता तेव्हा, म्हणजे इसवी सनापूर्वी १३३०च्या आसपास, आमच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव नांदत होतं. जव पिकवत होतं, गुरं पाळत होतं, दगडी बांध घालून पाणी वळवत होतं. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं ते गाव थराथरानं उलगडलं. शंभरावर घरं सापडली. लाल भांड्यांवर काळी नक्षी, तोटीचे गडू. अहवाल १९८८ मध्ये निघाला, इंग्रजीत, आणि इतका जाड की तो शोकेसमध्ये ठेवला तर शोकेस खाली येईल.

आणि त्या गावाचं मयताचं शास्त्र इजिप्तच्या बरोबर उलट. इजिप्तला वाटे की मेलेल्यानं हिंडावं-फिरावं, म्हणून तुतनखामेनला रथ दिले, होड्या दिल्या, सुमारे १३० काठ्या दिल्या. इनामगावात मोठं माणूस गेलं की घरातच पुरायचे, पण घोट्याखालून पाय तोडून. उठून चालायला लागू नये, हा पुरातत्त्वज्ञांचा तर्क. एकानं मेलेल्याला 'येत जा' म्हटलं, दुसऱ्यानं 'बसा, चहा टाकतो' म्हणत दाराला कडी घातली. जवळच ठेवायचा हट्ट दोघांचाही तोच. लहान लेकरांचे पाय मात्र तोडलेले नाहीत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, आत लेकरू, आणि खड्डा घराच्या जमिनीखाली, माणसं जिथे जेवतात-झोपतात तिथेच. इजिप्तमध्ये काहून गावात उत्खनन करणाऱ्या पेट्रींनाही घरांच्या जमिनीखाली पेट्यांत पुरलेली तान्ही मुलं सापडली होती. राजेलोक पिरॅमिड बांधू देत, साध्या माणसाला पोर लांब ठेववत नाही, मग नदी घोड असो की नाईल.

इनामगावात एकाच मोठ्या माणसाचे पाय शाबूत निघाले. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात तो पुरला होता, म्हणून तो गावचा प्रमुख असावा. वय चाळिशीचं. आणि तो आडवा नाही, कच्च्या मातीच्या एका पोटफुग्या रांजणात मांडी दुमडून बसवलेला. त्या रांजणाला चार पाय आहेत. सगळ्या गावाचे पाय तोडले आणि पुढाऱ्याला स्वतःचे दोन अधिक रांजणाचे चार! महाराष्ट्राच्या राजकारणाचा इतका जुना पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

याचं सचित्र पुस्तक असतं तर बजसाहेबांच्या थाटात असं छापलं असतं: चित्र १, चौपायी रांजण, आत प्रमुख, काळी पार्श्वभूमी, डावीकडून उजेड. चित्र २, मातीच्या झाकणाच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची देवी, सोबत बैल, विधीसाठी असावी. (इथे हे वाक्य खरं आहे.) चित्र ३, तोटीचा गडू, अख्ख्या पानावर. शेवटी नकाशा, कपबशीचं चिन्ह, न्हावऱ्याच्या एसटीची वेळ. किंमत दोन वडापावांएवढी. शिरूरच्या स्टँडवर पंचांग मिळतं, राशिभविष्य मिळतं, घोणस चावल्यावर काय करावं याचं पुस्तक मिळतं, हे मिळत नाही. गावोगावच्या वाढदिवसांच्या फ्लेक्सवर होणाऱ्या खर्चातला एका वाढदिवसाचा हिस्सा जरी कुणी बाजूला काढला, तरी चार रंगांत छापून होईल. फ्लेक्सवरच्या भाऊंनी प्रस्तावनेत आपला फोटो घातला तरी चालेल, रांजणातल्या भाऊंची हरकत नसावी.

तोवर एक करा. लग्नाचा बस्ता बांधायला पुण्याला जालच. लक्ष्मी रोडवर बायका साड्या बघत असतील, त्या दोन-तीन तासांत आपली कुणाला गरज नसते. तेवढ्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजात जाऊन या, तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावच्या वस्तू ठेवल्या आहेत. फक्त घरी सांगताना 'येरवड्याला चाललोय' एवढंच सांगू नका. कॉलेजचं नाव आधी घ्या, नाहीतर सासुरवाडीकडची मंडळी जामिनाची तयारी करून येतील.